खांदेमळणी झालेली मोटार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. निदान मला तसं वाटतं. खात्री देत नाही, कारण माझं निम्मं आयुष्य ज्यांच्या दारात गेलं त्यांनी मला मोटार म्हणून आणलं, बैल म्हणून सांभाळलं, आणि त्यांच्या सोयऱ्यांनी तर मला एका बाईच्या पायगुणाचा पुरावा मानलं. मी नेमकी कोण, हे ऐकून तुम्हीच ठरवा.

माझा जन्म विलायतेतला. लांब नाक, आखूड पाठ, दोनच माणसांची जागा, नावापुरतं दार आणि छप्पर म्हणून ताडपत्रीचा एक तुकडा. ज्यांनी मला घडवलं त्यांना एकाच गोष्टीचा ध्यास होता. वळण आलं की गाडीने न कचरता वळलं पाहिजे. म्हणून त्यांनी माझं वजन हलकं ठेवलं, मला जमिनीलगत बसवलं आणि जे काही जड होतं ते पुढच्या-मागच्या चाकांच्या मधोमध आणून मांडलं. चाकांवर कमानी दिल्या. कमान म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. खड्डा आला की त्या वाकतात आणि धक्का गिळतात. पण कमानीला एक खोड असते, एकदा दबली की झोपाळ्यासारखी वरखाली करत राहते. तिला आवरायला माझ्या प्रत्येक चाकाजवळ दोन लोखंडी हात होते आणि त्यांच्यामध्ये लाकडाच्या चकत्या घट्ट दाबून बसवल्या होत्या. त्या एकमेकींवर कोरड्या घासायच्या आणि कमानीचं हेलकावणं तिथल्या तिथं थांबवायच्या. घासताना किर्र वाजायचं. मला तो आवाज आवडायचा. पुढे सगळा घोळ त्या आवाजाने केला, पण त्यात त्याची काय चूक?

सिकंदराबादेच्या छावणीत एका गोऱ्या साहेबाकडे मी होते. त्याची बदली झाली आणि मला माणिकरावांनी घेतलं. माणिकराव म्हणजे जवळा बाजारच्या पलीकडच्या एका गावचे मोठे जमीनदार. वय तिशीच्या आतबाहेर, हैदराबादेत शिकायला असताना मोटार चालवायला शिकलेले. त्यांना एकच बहीण, शालूबाई. तिला दिली होती सेनगावला. पंचमीला भाऊ मुराळी होऊन जातो आणि बहिणीला माहेरी आणतो, ही तिकडची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. "माझी बहीण धुळीत हाडं मोडीत बैलगाडीतून येणार न्हाई, मोटारीतून येईल," असं माणिकराव सगळ्यांना सांगत सुटले होते. माझी खरेदी त्या एका हौसेपायी झाली.

गावात पहिल्या दिवशी मला बघायला जत्रा लोटली. त्यात दगडोबा होता. हा माणिकरावांचा जुना सालदार, बैलांचं सगळं त्याच्याकडे. त्याने माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "मालक, हिचे बैल कुठं हायत?"

माणिकरावांना थट्टा सुचली. त्यांनी माझं बॉनेट उघडलं, इंजिनावर थाप मारली आणि म्हणाले, "हे बघ, ह्याच्यात कोंडलेत."

सगळे हसले. दगडोबा मात्र हसला नाही. त्याने आत नीट डोकावून पाहिलं आणि मान हलवली. त्याच्या मनात पक्कं बसलं, की ओढणारं जे काही आहे ते पुढे आहे आणि त्याला जपायला पाहिजे. मित्रांनो, तो म्हातारा माझ्यावर जीव लावणारा होता. त्यामुळेच तर माझा गोंधळ होतो. वाईट माणसाने वाईट केलं तर समजतं. दगडोबाने जे केलं ते मायेने केलं.

पहिल्या पंचमीला आम्ही सेनगावला गेलो. काय धावले मी! जवळ्याहून औंढ्याकडे येताना वाटेत एक उतार आहे, उताराच्या पायथ्याशी ओढा आणि ओढ्याच्या अलीकडे चिंचेच्या झाडाला वळसा घालून जाणारं एक वळण. मुरमाचा रस्ता, त्यावर बारीक खडे. माणिकरावांनी स्टिअरिंग जरासं फिरवलं आणि मी मऊ भाकर मोडावी इतक्या सहज वळले. येताना शालूबाई शेजारी होती. ती चढ चढताना "अजून जोरात, दादा!" म्हणून ओरडत होती. डोक्यावरचा पदर तिने दातात धरला होता. इतकी खुशीत असलेली बाई मी त्याआधी पाहिली नव्हती.

माहेरी ती पोळ्यापर्यंत राहिली. पोळ्यानंतर आठवडाभरात महालक्ष्म्या बसतात आणि त्या सुनेला सासरीच बसवाव्या लागतात, म्हणून पोळा झाला की लगेच परतायचं ठरलेलं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलांचे खांदे दुखतात, म्हणून त्यांना लोणी आणि हळद चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. दगडोबाने सगळ्या बैलांचे खांदे मळले आणि वाटी घेऊन माझ्याकडे आला. चाकाजवळचे माझे ते लोखंडी हात त्याने चाचपले. त्याला किर्र आवाज आठवत होता.

"बिचारीचा खांदा वाजतो," तो माणिकरावांना म्हणाला. "तकलीफ व्हत असंल. कोणी बगत न्हाई तिच्याकडं."

आणि त्याने लोणी चोळलं, मित्रांनो. भरभरून चोळलं. चकत्यांच्या फटीत बोटं घालघालून चोळलं. वर हळदीचा हात फिरवला आणि माझ्या दिव्यांकडे बघून म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." मला कुणी जेवायला बोलावलेलं ती पहिलीच वेळ. खोटं कशाला सांगू, मी भारावून गेले. दुसऱ्या दिवशी मला गोंडे बांधले, बॉनेटवर झूल टाकली आणि पुरणपोळीचा घास माझ्या जाळीला लावला. पोळ्याला बैलाला जुंपत नाहीत, म्हणून मलाही कुणी जागचं हलवलं नाही.

दोन दिवसांनी शालूबाई निघाली. लेक सासरी जाताना रिकाम्या हाताने कशी जाईल? नव्या मुगाचं पोतं, ज्वारीचं पोतं, तुपाचा डबा, लुगड्यांची पेटी, करंज्यांची डाल. सामान बांधायचं काम दगडोबाकडे होतं. बैलगाडी भरताना भार फार पुढे आला तर बैलाची मान दबते, हे तो लहानपणापासून शिकलेला. त्याने माझ्या शेपटाला दोन फळ्या बांधल्या, मागच्या चाकांच्याही मागे, आणि सगळी रास त्यांच्यावर रचली.

"भार मागं बराबर हाय," तो समाधानाने म्हणाला. "पुढच्यांच्या मानेवर काय बी न्हाई."

निघाल्यापासूनच मला काही सुधरेना. माझं नाक हलकं झालं होतं. स्टिअरिंग फिरलं तरी पुढची चाकं जमिनीला नुसती चाटून जायची. एखादा खड्डा आला की मी नाचायला लागायचे आणि नाच थांबायचाच नाही. आपल्याला झालंय काय? मी नशा केल्यासारखी का चालतेय? मला माझी पाठ दिसत नाही आणि लोण्याचं काय करायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. चिंचेच्या वळणावर माणिकरावांनी स्टिअरिंग फिरवलं. थोडा वेळ मी सरळच घसरत गेले, मग चाकांनी कशीबशी पकड घेतली तोच मागचा भार मला सोडून पुढे निघाला. जग गरकन फिरलं. थांबले तेव्हा माझं तोंड गावाकडे होतं.

कुणाला काही लागलं नव्हतं. शालूबाई हसत सुटली. "दादा, हिला बी माहेर सोडवंना!" माणिकरावही हसले. ती गोष्ट गावभर कौतुकाने सांगितली गेली. मोटारीलाही माया आहे म्हणाले.

दुसऱ्या वर्षी तसंच. पंचमीला तिला आणताना मी शहाणी, तोवर आदलं लोणी धुळीत झडून गेलेलं असायचं; पोळ्यानंतर तिला पोचवताना वेडी. फक्त या वेळी मी फिरून थांबले नाही, वळण सोडून ओढ्यात गेले. शालूबाईचा हात मोडला. मूग पाण्यात वाहून गेले. दगडोबा बैल घेऊन आला, मला बाहेर ओढलं आणि माझ्या मडगार्डला मिठी मारून रडला.

ही गोष्ट सेनगावला पोचली ती मात्र कौतुकाची राहिली नाही. शालूबाईच्या सासूचं नाव द्वारकाबाई. करारी बाई, घर तिच्या शब्दावर चालायचं. माणिकराव बहिणीच्या हाताची विचारपूस करायला मला घेऊन गेले तेव्हा ती ओसरीवर बसूनच बोलली आणि मी अंगणात सगळं ऐकलं.

"माणिकराव, तुमी एकले येता तवा गाडी कशी येती?"

"चांगली येते, मावशी."

"आन् ही बसली की?"

माणिकराव एकटे असताना एकदाही काही झालं नव्हतं. ती बसून सासरी निघाली की व्हायचं. गोष्ट तर खरी होती. पंचमीला माहेरी येताना ती बसलेली असूनही मी नीट चालायचे, ते मात्र तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"मंग दोष गाडीचा का हिच्या पायाचा, तुमीच सांगा," द्वारकाबाई म्हणाली.

मित्रांनो, वाईट वाटतं ते इथे. एकदा पायगुण वाईट म्हटलं की सगळं त्या पायाशी येऊन पडतं. म्हैस आटली, शालूबाई. विहिरीत कुत्रं पडलं, शालूबाई. पेरणीच्या दिवशी तिला रानात येऊ देईनात. आणि त्या घरात महालक्ष्म्या आणायचा मान सुनेचा होता. दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढायची आणि मुखवटे हातात घेऊन त्या पावलांवरून आत यायचं. तो मान द्वारकाबाईने काढून घेतला आणि जावेला दिला. ज्या पायाने गाडी फिरते त्या पायाने लक्ष्मी कशी यायची, असं ती म्हणाली. माहेरी पाठवणंही बंद केलं.

पुढच्या पंचमीला माणिकराव मुराळी म्हणून गेले आणि शेजारची जागा रिकामी घेऊन परत आले. मी त्या दिवशी एका दगडालाही धडकले नाही. इतकी सुरेख चालले की माझा मलाच राग आला. आता तरी फिरावं, म्हणजे त्या बाईवरचा आळ जाईल, असं मनात यायचं. पण कसं फिरायचं तेच मला माहीत नव्हतं!

माणिकरावांनी मग मला दुरुस्त करायचं मनावर घेतलं. त्यांचा संशय टायरांवर गेला. आधी हवा गच्च भरली. मी मुरमावर बोरं उधळावीत तशी उडू लागले. मग हवा कमी केली, तर वळताना टायर बाजूला लोळायचे आणि मी कुठे चाललेय ते मलाच उशिरा कळायचं. तेवढ्यात तिकडे विलायतेत लढाई पेटली. पेट्रोलला परवाना आला, ट्यूब मिळेनाशी झाली आणि माझ्या ट्यूबांना तर ठिगळांवर ठिगळं होती. एक दिवस दगडोबा म्हणाला, "मालक, हवाच काहून पायजे? गादीत काय हवा असती? आपल्या घरात कापूस रगड हाय."

चारही टायरांत कापूस ठासून भरला. मुसळाने कोंबला. त्या चाकांवर मी तालुक्याला जायला निघाले आणि मित्रांनो, ते दुःख कसं सांगू? हवा असते तेव्हा टायर दगडावरून जाताना जरा दबतो, रस्त्याला बिलगतो, म्हणून तर पकड राहते. कापूस काही कोसांतच घट्ट गोळा झाला. चाकं जड झाली, एका बाजूला फुगली, एका बाजूला बसली. चिंचेच्या वळणावर मी चक्क सरळ गेले. शालूबाई गाडीत नव्हती, ती सेनगावला भाकरी थापत असेल. मला वाटलं, चला, आता तरी सुटली बिचारी.

कसचं काय! द्वारकाबाईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "तिच्या पायाचा दोष आता गाडीत मुरला."

मी हरले. ती बसली म्हणून मी फिरले तरी दोष तिचा, ती नसताना फिरले तरी दोष तिचाच. त्या काळात गोठ्यात उभी असताना मी पुष्कळ विचार केला आणि जितका केला तितकी गुंतत गेले. कधी वाटायचं, खरंच हिच्या बसण्यात काही असेल का? लगेच तिचं ते पदर दातात धरून ओरडणं आठवायचं आणि वाटायचं, छे.

लढाई संपली. हळूहळू ट्यूबा आणि टायर मिळू लागले. माणिकरावांनी हैदराबादहून मागवले, कापूस उपसून टाकला आणि पंचमीला मी पुन्हा सेनगावच्या अंगणात उभी राहिले. द्वारकाबाई नाहीच म्हणणार होती. पण शालूबाई बाहेर आली आणि सासूसमोर उभी राहिली. तिच्या मोडलेल्या हाताला थोडा बाक राहिला होता.

"आत्याबाई, मला एकदा त्या गाडीतून जाऊ द्या. हात मोडला त्याचं मला काय बी न्हाई. पण माझं नाव खराब झालंय ते खरं का खोटं, मला बघायचंय. खरं निघालं तर मी पुन्ना कशालाच हात लावणार न्हाई."

द्वारकाबाईने तिच्या बाकलेल्या हाताकडे पाहिलं. "जा," एवढंच म्हणाली.

पोळा आला. खांदेमळणी झाली. दगडोबा आता फारच थकला होता, पण माझ्या खांद्यांना लोणी लावायला तो स्वतः आला, आणि यंदा हिचं नशीब उघडू दे म्हणून नेहमीपेक्षा जास्तच लावलं. दोन दिवसांनी सामान चढलं. पोती, पेटी, डबा, डाल, सगळं माझ्या शेपटावर. आणि दगडोबा बैलगाडी घेऊन तांबडं फुटायच्या आधीच पुढे गेला, चिंचेच्या वळणावर थांबायला. मी ओढ्यात जाणार हे त्याने धरूनच ठेवलं होतं.

उताराच्या माथ्यावर शालूबाई म्हणाली, "दादा, थांबव."

माणिकरावांनी ब्रेक लावला.

"मी इथं उतरते. तू एकला जा. नेहमीसारखाच जोरात जा."

"अगं, काहून? वेडी का खुळी?"

"मी बसले म्हणून फिरती, का न बसता बी फिरती, ते बघू तर. इतक्या वर्षांत एकदा बी कोणी मला उतरवून बघितलं न्हाई, दादा. तू बी न्हाई."

तिने सामान तसंच राहू दिलं, उतरली, रस्त्याच्या कडेने उतार चालत गेली आणि चिंचेखाली जाऊन उभी राहिली. तिथे दगडोबा बैल धरून उभा होता. तिने वरती हात केला.

माणिकरावांनी मला सोडलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी देवाला एकदाच विनवलं, ते त्या उतारावर. फिरू दे मला, म्हटलं. आजवर फिरू नये म्हणून जीव टाकला, आज फिरू दे. पहिल्याच खड्ड्याला मी नाचायला लागले. वळण आलं, नाक सरळ सुटलं, मग शेपूट सुटलं, आणि मी गरागरा फिरून बाभळीच्या झुडपात मागच्या अंगाने शिरले. धुरळा बसला तेव्हा मला शालूबाई दिसली. ती रस्त्याच्या मधोमध उभी होती. कोरडी ठणठणीत, माझ्यापासून लांब. तिने दोन्ही हात तोंडावर धरले आणि मटकन खाली बसून ओक्साबोक्शी रडायला लागली.

"मी न्हवते!" ती म्हणत होती. "दादा, बघ, मी न्हवते रे आत!"

माणिकराव धावत गेले आणि तिच्यापाशी बसले. दगडोबा बैलाच्या मानेवर हात ठेवून नुसता उभा. सगळ्यात आधी सावरली ती तीच. नाक पुसलं, उठली आणि माझ्या शेपटावरची पोती बघू लागली.

"माहेरी येताना मी असते, पण हे नसतं," ती म्हणाली. "सासरी जाताना मी बी असते आन् हे बी असतं. माझ्या जागी पोती ठेवा."

"शालूताय, मंग पुढच्यांच्या मानेवर भार येईल," दगडोबा कळवळून म्हणाला.

"येऊ दे. एकदा येऊ दे."

बैलांनी मला झुडपातून ओढून काढलं. पोती, डबा, पेटी असं सगळं तिच्या जागेवर आणि पाय ठेवायच्या खळग्यात आलं. पुन्हा माथ्यावरून सुटलो. या वेळी शेपूट माझं ऐकत होतं. पण खड्ड्यानंतरचा नाच थांबला नाही. चाक हवेत असलं की त्याला रस्ता कसला नि वळण कसलं! मी वळले, पण रस्त्याच्या पार कडेला जाऊन, खडे उधळत. माणिकराव खाली उतरले.

शालूबाई माझ्या पुढच्या चाकाशी वाकली. धूळ सगळीकडे भुरभुरीत होती, पण त्या लोखंडी हातांवर पिवळा चिखल झाला होता. तिने बोट लावलं, वास घेतला.

"दगडूमामा, हे लोनी हाय?"

"व्हय. खांदा वाजतो तिचा."

"जातं बी वाजतं, मामा. म्हणून जात्याच्या पाळ्यांना कोणी लोनी लावतं का? पीठ पडंल मंग?" मग ती भावाकडे वळली. "दादा, ह्या चकत्या घासायला ठिवल्या का न घासायला?"

माणिकराव कपाळावर आठ्या घालून चकत्यांकडे बघत राहिले. त्यांनी तिथे आजवर कधी वाकून पाहिलंच नव्हतं. "मला खरंच ठाऊक न्हाई, शालू," ते म्हणाले.

चकत्या सोडवायला वेळ लागला. तिने त्या ओढ्याकाठच्या कोरड्या मातीने आणि फडक्याने घासघासून पुसल्या, दगडोबाने पलीकडच्या वस्तीवरून चुलीतली राख आणली. आत मुरलेलं लोणी थोडं राहिलं असेलच. पण तिसऱ्यांदा माथ्यावरून निघताना पहिल्याच खड्ड्याला माझ्या कानावर किर्र आलं. कमान दबली आणि थांबली. चारही चाकं खाली, रस्त्यावर. वळण आलं. माणिकरावांनी स्टिअरिंग जरासं फिरवलं आणि मी चिंचेला वळसा घालून ओढ्याच्या फरशीवर अलगद उतरले. माझ्या अंगातून विजेसारखं काही गेलं. माझी घडण याचसाठी होती, इतकं मला त्या क्षणी समजलं आणि लगेच त्या सगळ्या वाया गेलेल्या वर्षांचं रडूही आलं.

आता पोतीही आणि शालूबाईही माझ्यात मावणार नव्हती. सामान दगडोबाच्या गाडीत चढलं. "लेक रिकाम्या हातानं सासरी जाती व्हय?" तो पुटपुटत होता. "येईल की मागून," ती म्हणाली आणि माझ्यात येऊन बसली.

त्यानंतर मी फार दिवस धावले नाही. काळ बिघडला, रस्त्यांवर भीती आली, पेट्रोल दुर्मिळ झालं. अठ्ठेचाळीस साली निजामाची सत्ता गेली तेव्हा गावभर गुलाल उधळला, पण मी गोठ्यातच होते. आजही तिथेच आहे. कोंबड्या माझ्या गादीवर अंडी घालतात. दगडोबाला माझं पटलं की नाही कोण जाणे. पोळ्याला तो आवतन देतो, हळद लावतो, पण लोणी हातात घेऊन उभा राहतो आणि मग बैलांकडे जातो.

त्या दिवशी सेनगावला काय झालं ते तेवढं सांगते आणि गप्प बसते.

आम्ही अंगणात शिरलो तेव्हा द्वारकाबाई भाकरतुकडा घेऊन दारात उभी होती. तिने माझ्या रिकाम्या पाठीकडे पाहिलं, बाभळीने ओरबाडलेल्या पत्र्याकडे पाहिलं.

"फिरली का गाडी?" तिने विचारलं.

"फिरली, आत्याबाई," शालूबाई म्हणाली. "चिंचेपाशी पार उलटी फिरली."

"मंग म्या काय म्हणत व्हते?"

"मी आत न्हवते. मी रस्त्यात उभी व्हते. दादा एकला व्हता."

द्वारकाबाईने माणिकरावांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली आणि होय म्हटलं. म्हातारी तशीच उभी, हात वर धरलेला. चुकले म्हणायची तिला सवय नव्हती आणि ती म्हणालीही नाही. पायरी उतरून ती सुनेकडे आली, तिला ओलांडून माझ्यापाशी आली आणि तो भाकरतुकडा माझ्या नाकावरून ओवाळून टाकला. मग मागे न वळता म्हणाली, "शालू, आत जा. हातपाय धू आन् कुंकू काढून ठिव. औंदा महालक्ष्म्यांची पावलं तुलाच काढायचीत."

मित्रांनो, मला दृष्ट लागली होती की लोणी, हे माझं मला अजून नीटसं कळलेलं नाही. तुमच्या घरात कुणी वाजत असेल, तर लोणी लावण्याआधी ते का वाजतं एवढं वाकून बघा. आणि गाडी फिरली म्हणून आत बसलेल्या बाईला बोल लावण्याआधी तिला एकदा खाली उतरवा.